रविवारी सकाळी बी-३०२ मध्ये ऑर्गन

ए-१०४ काकू: बी विंगमध्ये कोणाकडे काही झालंय का? मघापासून चर्चसारखा ऑर्गन ऐकू येतोय.

सेक्रेटरी: असं काही नाही. अफवा नकोत. टँकर ११ ला येतोय, गेटपाशी गाड्या लावू नका.

बी-३०२: झालंय काकू, पण १५३७ साली 🙏 आवाज माझ्याकडचाच. जुन्या बाजारात रिक वेकमनची तबकडी मिळाली, 'द सिक्स वाइव्ज ऑफ हेन्री द एट्थ'. १९७३ ची. कितीला घेतली ते विचारू नका, आमच्या सौ. याच ग्रुपवर आहेत.

बी-३०२ सौ.: वाचलं.

सी-२०१: वेकमन म्हणजे तो 'येस' बँडवाला? चमचमता अंगरखा आणि चारी बाजूंनी कीबोर्ड?

बी-३०२: तोच. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीच्या सहा राण्या, प्रत्येकीवर एक तुकडा. काकूंनी ऐकला तो जेन सीमोरचा. ती मुलाला जन्म देऊन बाराव्या दिवशी गेली. तिच्यासाठी लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमधला खरा ऑर्गन वाजवलाय.

ए-१०४ काकू: म्हणजे माझा अंदाज चुकला नव्हता.

ए-४०२ सर: क्रम तपासलात का? जेन तिसरी राणी.

बी-३०२: तबकडीवर चौथी आहे सर. क्लीव्हजची ॲन होती चौथी, ती वाजते दुसरी. पहिली आणि सहावी तेवढ्या आपापल्या जागी. पण सूर ऐकायचे की वंशावळ?

ए-४०२ सर: दोन्ही.

सी-५०३: काका, माझ्या कीबोर्डात ऑर्गन, व्हायोलिन, कोरस सगळं आहे. एक बटण दाबायचं फक्त.

बी-३०२: अरे, तेव्हा बटण कुठलं! मेलोट्रॉन नावाचं धूड होतं. प्रत्येक पट्टीला टेपची एक फीत, तिच्यावर खऱ्या वादकाचा सूर. पट्टी दाबली की फीत फिरणार आणि साधारण ८ सेकंदांत संपणार. सूर लांबवायचा तर त्याआधी बोट उचलून पुन्हा दाबायचं. या तबकडीसाठी अशी दोन वापरलीत. आणि मिनीमूग नावाच्या सिंथेसायझरची गंमत वेगळीच. त्यातून एका वेळी एकच सूर निघतो. वेकमन सांगतो, जॅक वाइल्ड नावाच्या नटाला वाटलं, यंत्र बिघडलंय! म्हणून त्यानं ते अर्ध्या किमतीत याला देऊन टाकलं.

ए-१०४ काकू: एका वेळी एकच सूर म्हणजे बिघाड? मग बासरी काय बिघडलेली असते?

सी-२०१: 😂😂

ए-१०४ काकू: आमचे वडील नाटकांना पायपेटी वाजवायचे. नटानं सूर लावला की पेटी मागे राहायची, त्याला झाकायची नाही. तुमच्या या माणसाला मागे राहणं ठाऊक आहे का?

बी-३०२: खरं सांगू? फारसं नाही. क्लीव्हजच्या ॲनमध्ये ड्रमवाल्याशी नुसती झोंबाझोंबी आहे. पण शेवटच्या कॅथरिन पारमध्ये पियानो मध्येच हळवा होतो. तेवढ्यासाठी मी बाकीचं सगळं माफ करतो.

सेक्रेटरी: टँकर आलाय. बी विंगसमोरची पांढरी गाडी कोणाची?

बी-३०२: माझीच, आलो.

ए-१०४ काकू: गाडी काढून झाली की ती शेवटची बाई पुन्हा लावा. मी गॅलरीत बसते.

बी-३०२ सौ.: काकू, वरच या. चहा टाकते. किंमतही तुमच्यासमोरच विचारते.