शाळेच्या मैदानावर डोक्याला मार लागला तर निर्णय कोणी घ्यायचा? मदत हवी आहे (ठाणे)

नमस्कार मंडळी,

ठाण्यात घोडबंदर रोडलगतच्या एका शाळेत मी पालक-शिक्षक संघाची सदस्य आहे. डिसेंबरात आमचा क्रीडा महोत्सव आहे. खो-खो, कबड्डी, रिले, लांब उडी असं सगळं. त्याआधी मैदानावरच्या दुखापतींसाठी एक पानभर कार्यपद्धती लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मी डॉक्टर नाही. वाचून, ओळखीच्या डॉक्टरांना विचारून बरंच जमवलंय, तरी काही ठिकाणी अडले आहे.

हे काम का निघालं ते सांगते. मागच्या महिन्यात खो-खोच्या सरावात सातवीतल्या एका मुलीने सूर मारला आणि तिचं कपाळ पळणाऱ्या मुलीच्या गुडघ्यावर आदळलं. ती उठून बसली, पण मैत्रिणीला विचारत होती, "आपण बसलोय की पळतोय?" तोंडावर पाणी मारलं, टेंगळावर बर्फ धरला, "काही नाही झालं, ऊठ" म्हणून थोड्याच वेळात ती परत मैदानात. संध्याकाळी घरी दोनदा उलटी झाली. रात्री रुग्णालयात स्कॅन केला, रक्तस्राव नव्हता, आता ती ठणठणीत आहे. त्या दिवशी तिथे हजर असलेल्या प्रत्येकाने धावपळ केली, कोणी हयगय केली नाही. पण "आज तू खेळायचं नाहीस" असं म्हणायचा अधिकार कोणाचा, हे एकालाही ठाऊक नव्हतं. पीटीच्या सरांना वाटलं वर्गशिक्षिका ठरवतील, बाईंना वाटलं सर ठरवतील, आणि मुलीला तर खेळायचंच होतं.

आतापर्यंत मी लिहिलंय ते असं. डोक्याला मार लागून मूल गोंधळलेलं, सुस्त किंवा तोल जाणारं दिसलं, डोकं दुखतंय किंवा मळमळतंय म्हणालं, तर त्या दिवसाचा खेळ बंद. शुद्ध हरपलेली असायलाच हवी असं नाही, मेंदूला हादरा बसतो तेव्हा बहुतेक वेळा ती हरपतच नाही. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, दोन-दोन दिसणं, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, मान दुखणं, शुद्ध जाणं, गुंगी किंवा चिडचिड वाढत जाणं, यातलं एक जरी दिसलं तरी थेट रुग्णालय.

आता माझे प्रश्न. खेळ थांबवायचा अधिकार कागदावर कोणाच्या नावे लिहावा? १०८ ची वाट पाहावी की मिळेल त्या गाडीतून न्यावं? गायमुखच्या बाजूला गाड्या अडकल्या की आमच्याकडे सगळंच ठप्प होतं, म्हणून हा प्रश्न फार जवळचा आहे. हृदयाला झटका देणारं यंत्र, एईडी, शाळेने घ्यावं का? आणि जे पालक आणि शिक्षक फिट आली की कांदा हुंगवतात, दुखऱ्या घोट्याला तेल चोळतात, त्यांना न दुखावता कसं सांगायचं?

ऐरोलीकर

ताई, मी फिजिओ आहे, कबड्डीच्या पोरांबरोबर काम करतो. पहिल्या प्रश्नाला एका माणसाचं नाव लिहूच नका. तो माणूस नेमका त्या दिवशी गैरहजर असतो. असं लिहा: मैदानावरच्या कोणत्याही मोठ्या माणसाला शंका आली तर मूल बाहेर, आणि ती शंका खोडून काढायचा अधिकार शाळेत कोणालाही नाही. सरांना नाही, मुख्याध्यापकांना नाही, पालकांनाही नाही. परत खेळायची परवानगी फक्त डॉक्टरांची, तीही त्या दिवशी नाहीच.

मुलांना पटवायला क्रिकेटचं उदाहरण द्या, लगेच समजतं. २०१९ च्या ॲशेसमध्ये लॉर्ड्सवर आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेजवळ लागला. त्या दिवशीच्या तपासणीत तो पास झाला, परत फलंदाजीलाही आला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखायला लागलं, गुंगी आली, आणि त्याच्या जागी लाबुशेन खेळला. कसोटीत असा बदली खेळाडू तेव्हा पहिल्यांदा उतरला. एवढे डॉक्टर हाताशी असून लक्षणं उशिरा आली. आपल्याकडे शिट्टी आणि पाण्याची बाटली असते.

पुढचं म्हणजे १ ते २ दिवस हलकी विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमी. अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायची गरज नाही. मग आधी शाळा, नंतर चालणं, हलकं धावणं, एकेक पायरी, प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. त्रास वाढला तर एक पायरी मागे. अंगाला अंग भिडणारा खेळ सगळ्यात शेवटी. मुलांना कधी कधी ४ आठवडेही लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण महोत्सवाची तारीख बघून घाई करायची नाही.

घोट्याचं थोडक्यात सांगतो. मुरगळल्यावर ४ पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे. नसेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उंच. चोळायचं नाही, "हाड बसवणाऱ्या"कडे तर अजिबात न्यायचं नाही.

नौपाडाकर

मी निवृत्त परिचारिका आहे. गाडीचा प्रश्न असा सोडवा. मूल चालतं-बोलतं आहे, हात मोडल्यासारखा वाटतोय, तर हाताला आधार द्या आणि मिळेल त्या गाडीने न्या, १०८ साठी अडून बसू नका. पण शुद्ध नाही किंवा मान दुखतेय, तर उचलून रिक्षात कोंबायचं नाही. डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरायचं आणि १०८ किंवा ११२ लावायचा. अपवाद एकच: श्वास चालत नसेल तर मानेचा विचार बाजूला ठेवून पाठीवर झोपवायचं आणि छाती दाबायला लागायचं.

फोन करणाऱ्याने शाळेचं नाव सांगून थांबू नये. कुठलं गेट, जवळची ठळक खूण, सर्व्हिस रोडने यायचं की हायवेने, हे सांगायला हवं. वॉचमनला आधीच सांगून ठेवा की गाडी आली की गेट उघडं, आणि एकजण रस्त्यावर उभा. महोत्सवाच्या दिवशी पालकांच्या गाड्या गेटसमोर लागतात, ती जागा सकाळपासून मोकळी ठेवा. माझ्या मते तुमच्या पानातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ असेल.

एईडीबद्दल. खेळताना मूल कोणी न धडकता अचानक कोसळलं, हाक मारून उठत नाही, श्वास नाही किंवा आचके दिल्यासारखा आहे, तर ते हृदय समजा. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, छातीच्या मध्यभागी साधारण ५ सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. मदत न मिळता गेलेलं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी करतं. यंत्र परवडत असेल तर जरूर घ्या, पण ते कुलूपबंद कपाटात आणि किल्ली क्लार्ककडे असेल तर उपयोग शून्य. आधी शिक्षक, शिपाई, बसमधल्या ताई यांना छाती दाबायला शिकवा. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स, रेड क्रॉस असं प्रशिक्षण देतात. हातांना सवय व्हायला हवी, नुसतं भाषण ऐकून ते येत नाही.

फिट आली तर तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या वस्तू सरकवा, घड्याळ बघा, झटके थांबले की कुशीवर वळवा. ५ मिनिटांच्या वर गेली तर १०८. कांद्याबद्दल भांडू नका, "आधी कुशीवर वळवूया" म्हणा आणि हातात काम द्या. हातांना काम मिळालं की माणूस ऐकतो, हा माझा वॉर्डातला अनुभव आहे.

नाकातून रक्त आलं तर डोकं मागे नाही, पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटं सलग चिमटीत धरायचा. कायमचा दात पडला तर मुळाला हात न लावता उचला, दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत, जमल्यास अर्ध्या तासात, दंतवैद्याकडे. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

खारघरवाला

एक भर घालतो. तुमचा महोत्सव डिसेंबरात आहे, पण सराव ऑक्टोबरच्या उन्हात होतात आणि उन्हाळी शिबिरं एप्रिल-मेमध्ये. आमच्या खारघरला एप्रिल २०२३ मध्ये भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर माणसं दगावली, ते आम्ही विसरलेलो नाही. उन्हात मूल असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं, तर गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, पाणी ओतत राहा, वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. "शंका खोडायचा अधिकार कोणालाच नाही" हे वाक्य जसंच्या तसं घेतलं. गेटसमोरच्या जागेबद्दल आज मुख्याध्यापिकांशी बोलले, त्या दिवशी तिथे दोरी बांधायचं ठरलं. प्रशिक्षणासाठी पीटीच्या सरांनीच स्वतःहून पहिलं नाव दिलं, त्याचा मला फार आनंद झाला.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. अंतिम सामन्यात मूल बाहेर काढलं की पालकच भांडायला येतात, असं सरांचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे. म्हणून महोत्सवाच्या संमतीपत्रातच ही अट घालून सही घ्यायचा विचार आहे. कोणाच्या शाळेने किंवा क्लबने असं मराठीत लिहून घेतलं असेल तर तो मजकूर इथे टाकाल का? कायद्याची भाषा नको, आई-वडिलांना एका वाचनात कळेल अशी हवी आहे. पत्रकं पुढच्या आठवड्यात छापायला जाणार आहेत.