मदत हवी आहे: मायपाय माझ्या लॅपटॉपवर पास, सर्व्हरवर १७ एरर

रात्रपाळी:

नमस्कार मंडळी. मोबाईलवरून लिहितेय, त्यामुळे कोडसुद्धा उच्चाराप्रमाणे देवनागरीतच येईल. सांभाळून घ्या.

प्रोजेक्ट छोटा आहे. आमच्या गावाकडच्या दूध संकलन केंद्राचा हिशोब. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), त्यावरून दर आणि दर दहा दिवसांनी शेतकऱ्यांचं बिल. पायथन ३.१२, एसक्यूएल-अल्केमी २ (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी), साधारण ६,००० ओळी. दोन वर्षं एकटीच लिहीत होते, तेव्हा फॉरमॅटिंगला कोण विचारतंय! आता मामेभाऊ हाताशी आलाय. मी दुहेरी अवतरणं वापरते, तो एकेरी. त्याने फाईल सेव्ह केली की दोन ओळींच्या बदलापायी तीनशे ओळींचा डिफ (बदलांची यादी). शेवटी वैतागून ब्लॅक (कोडची मांडणी), आयसॉर्ट (इम्पोर्टचा क्रम), फ्लेक८ (शैलीच्या चुका) आणि मायपाय (टाइपची तपासणी) एकाच रविवारी बसवले, सगळे प्री-कमिटमधून, म्हणजे कमिटच्या आधी आपोआप चालणारे.

तेव्हापासून आमच्यापेक्षा तेच जास्त भांडतात. ब्लॅक ८८ अक्षरांपर्यंत ओळ जाऊ देतो, फ्लेक८ ७९ च्या पुढे ओरडतो. प्रोजेक्टच्या सेटिंगची फाईल पायप्रोजेक्ट डॉट टॉमल, तिच्यात फ्लेक८चा वेगळा विभाग करून ८८ लिहिलं, ढिम्म फरक नाही. मग स्लाइसमध्ये कोलनच्या आधी ब्लॅक जागा सोडतो म्हणून फ्लेक८चा ई२०३ आला. कमांडला इग्नोर ई२०३ जोडलं. तो गेला, पण कधी न पाहिलेल्या डब्ल्यू५०३ चा (ओळ बेरीज-गुणाकाराच्या चिन्हाआधी तोडल्याची तक्रार) पाऊस सुरू झाला.

खरी डोकेदुखी मायपायची आहे. कमिट करताना हिरवं 'पास्ड'. पुश केलं की सर्व्हरवर १७ एरर. तोच कोड, तीच सेटिंग, मायपायची आवृत्तीही तीच. नमुना म्हणून एक:

रक्कम = नोंद.लिटर * नोंद.फॅट * फॅटदर

म्हणे गुणाकाराला नन (रिकामी किंमत) चालत नाही. फॅटचा कॉलम एसक्यूएल-अल्केमीच्या भाषेत 'मॅप्ड, फ्लोट (दशांश आकडा) किंवा नन' असा आहे. सध्या सतराही ओळींवर टाइप-इग्नोर ('ही ओळ तपासू नको' अशी टीप) टाकावं म्हणतेय, निदान बिल्ड तरी हिरवा होईल. चालेल का?

टॅबवाला:

चारही काढून टाका, रफ बसवा. विषय संपला.

दोनओळी:

टॅबवाले, विषय अर्धाच संपला. रफ टाइप तपासत नाही, मायपाय राहणारच.

रात्रपाळी, आधी तुमची भांडणं. फ्लेक८ पायप्रोजेक्ट डॉट टॉमल वाचतच नाही. त्याला सेटअप डॉट सीएफजी, टॉक्स डॉट आयएनआय किंवा स्वतःची डॉट-फ्लेक८ फाईल लागते. तुम्ही ८८ लिहिलंत ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. डब्ल्यू५०३ ची गंमत वेगळी आहे. फ्लेक८ काही नियम मुळातच बंद ठेवतो, त्यांत हा एक. 'इग्नोर' लिहिलं की ती मूळ यादी पुसली जाते आणि फक्त तुमची उरते. 'एक्स्टेंड-इग्नोर' लिहिलं असतंत तर भर पडली असती. मीही एकदा याच खड्ड्यात पडलोय, अख्खी दुपार गेली होती. आयसॉर्टची ब्लॅकशी अजून जुंपली नसेल तर जुंपेल, त्याला प्रोफाईल ब्लॅक द्यावं लागतं.

हे सगळं सांगितलं, तरी तुमच्या जागी मी रफच घेईन. फॉरमॅटर, इम्पोर्टची क्रमवारी आणि लिंटिंग एकाच ठिकाणी, सेटिंगही एकाच फाईलमध्ये. मात्र रफ फॉरमॅट इम्पोर्ट लावून देत नाही. ते काम रफ चेककडे आहे आणि त्यासाठी नियमांच्या यादीत 'आय' स्वतः जोडावा लागतो. हुकचा (प्री-कमिटमधल्या एकेका तपासणीचा) क्रम: आधी रफ चेक, फिक्ससह, मग रफ फॉरमॅट. उलटं केलंत तर फिक्सने हललेल्या ओळी तशाच वेड्यावाकड्या राहतात.

आता मायपाय. प्री-कमिट प्रत्येक हुकसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट (लायब्ररींचा स्वतंत्र संच) उभं करतं. तुमची एसक्यूएल-अल्केमी तिथे नसतेच. त्यात मायपायच्या नेहमीच्या हुकला न सापडलेले इम्पोर्ट दुर्लक्षित करायचा पर्याय (इग्नोर-मिसिंग-इम्पोर्ट्स) आधीच लावलेला असतो. मग 'मॅप्ड' म्हणजे काय हे मायपायला कळत नाही. तो त्याला 'एनी' (कुठलाही टाइप) समजतो, आणि एनीला काहीही चालतं. हिरवा रंग त्यामुळे येतोय. सर्व्हरवर लायब्ररी आहे, तिथे तो खरोखर तपासतो.

उपाय दोन. हुकच्या अ‍ॅडिशनल डिपेंडन्सीजमध्ये लायब्ररी लिहा, म्हणजे ती यादी दोन ठिकाणी सांभाळत बसा. किंवा लोकल हुक करा: लँग्वेज सिस्टम, पास-फाईलनेम्स फॉल्स, आणि कमांड तुमच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या मायपायची. मी दुसराच वापरतो.

टाइप-इग्नोरचं मात्र थांबा. फॅट नन कधी असतो, ते सांगा.

रात्रपाळी:

पहाटे लाईट गेली की फॅट मशीन बंद. तेव्हा केंद्रावरचा माणूस लिटर टाकतो, फॅट रिकामं ठेवतो आणि नंतर भरतो.

दोनओळी:

आणि नंतर भरायला विसरला तर?

रात्रपाळी:

...थांबा जरा.

दिवाळीच्या आधीचं बिल रात्री अकराला याच ओळीवर अडकलं होतं. टाइप-एरर. सकाळी वाटप होतं, म्हणून मी ट्राय-एक्सेप्ट घालून ती नोंद सोडून दिली, पुढे चालू. नंतर एका आजोबांनी येऊन सांगितलं, 'पोरी, एका सकाळचं दूध बिलात नाही.' मी म्हटलं डायरीत चूक असेल. आत्ता डेटाबेसमध्ये पाहिलं. साडेसहा लिटर, फॅट रिकामं. डायरी बरोबर होती.

दोनओळी:

मग ती ओळ इग्नोर करू नका. बिलाच्या आधीच फॅट नसलेल्या नोंदी वेगळ्या काढा, केंद्राला यादी दाखवा, भरल्याशिवाय बिल निघू नये. 'इफ नोंद.फॅट इज नन' असं तपासून तिथूनच बाहेर पडलात की पुढच्या ओळींत मायपाय त्याला फ्लोटच धरतो, वेगळं काही सांगावं लागत नाही. ट्राय-एक्सेप्ट तेवढा काढा.

कुठे खरंच इग्नोर लागलंच तर चौकटी कंसात एररचा कोड लिहा आणि वॉर्न-अनयूज्ड-इग्नोर्स चालू ठेवा. कारण मिटलं की उरलेला इग्नोर तो स्वतःच दाखवतो.

टॅबवाला:

पैसे फ्लोटमध्ये ठेवताय (दशांश नेमके राहत नाहीत) हे मी पाहिलं नाही असं समजतो.

रात्रपाळी:

दादा, एका वेळी एक. डेसिमलचा धागा पुढच्या आठवड्यात काढते.

रफ बसवला. सगळ्या फाईलींचं फॉरमॅटिंग बदलल्याचा एकच मोठा कमिट झालाय. आता प्रत्येक ओळीचा ब्लेम (ती शेवटी कुणी बदलली याची गिटमधली नोंद) माझ्याच नावावर. भाऊ खूश.

दोनओळी:

त्या कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश डॉट-गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज फाईलमध्ये टाका आणि गिट कॉन्फिगमध्ये ब्लेम डॉट इग्नोर-रेव्ह्ज-फाईलला तिचं नाव द्या. गिटहब ती फाईल आपणहून वाचतं. त्या कमिटमध्ये फॉरमॅटिंगशिवाय काही नको, नाहीतर खरे बदलही लपतील. रफची आवृत्ती प्री-कमिटमध्ये आणि सर्व्हरवर एकच ठेवा.

रात्रपाळी:

झालं. लोकल हुक लावल्यावर तेच १७ एरर लॅपटॉपवरही आले, आयुष्यात पहिल्यांदा एरर बघून बरं वाटलं. त्यांतले ११ फॅट-एसएनएफचे होते, यादीची पायरी घातल्यावर गेले. पाच ठिकाणी फंक्शन काहीच परत न करता संपत होतं, ते निस्तरले. एक उरलाय: पावती छापायचं पॅकेज जुनं आहे, त्यात टाइप हिंट्सच नाहीत. त्यासाठी पूर्ण प्रोजेक्टला इग्नोर-मिसिंग-इम्पोर्ट्स लावू का?

दोनओळी:

पूर्ण प्रोजेक्टला लावलंत की पुन्हा पहिल्या दिवसाचं हिरवं. टूल डॉट मायपाय डॉट ओव्हरराईड्सचा विभाग दुहेरी चौकटी कंसात लिहा, त्यात मॉड्यूल म्हणून फक्त त्या पॅकेजचं नाव, आणि खाली इग्नोर-मिसिंग-इम्पोर्ट्स ट्रू. पॅकेजच्या आतले मॉड्यूलही वापरत असाल तर नावापुढे डॉट-तारा द्या.

रात्रपाळी:

हिरवं. दोन्हीकडे. आजोबांचे साडेसहा लिटर येत्या बिलात फरक म्हणून टाकलेत, केंद्रावर फोनही केला.