मुंबईत प्रोबेटसाठी वकील हवा आहे, आणि मूळ मृत्युपत्र आधीच्या वकिलांकडे अडकलंय

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल.

माझे बाबा फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. मुलुंड पूर्वेला त्यांच्या एकट्याच्या नावावर वन बीएचके आहे, शिवाय बँकेतल्या मुदतठेवी आणि थोडे शेअर्स. मागे आई (वय ७४), मी (पुण्यात) आणि धाकटा भाऊ (न्यू जर्सीत). बाबांनी २०१६ साली स्वतःच्या हाताने मराठीत मृत्युपत्र लिहून ठेवलं. रजिस्टर केलेलं नाही. फूलस्केपचे दोन कागद, डावीकडे समास सोडलेला, दोन्ही पानांखाली सही. "मुदतठेव" लिहिताना एका ठिकाणी चुकले होते, तो शब्द खोडून वर नीट लिहिलाय आणि त्या खोडाखोडीच्या शेजारीही सही केली आहे. आयुष्यभर अकाउंट्समध्ये नोकरी केलेला माणूस.

फ्लॅट आईला. ठेवी आम्हा भावंडांना निम्म्या निम्म्या, त्याआधी दोन लाख आमच्याकडच्या मावशींना, ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं केलं. ठेवींवर आई नॉमिनी होती म्हणून ते पैसे बँकेने दिले. तिने ते वेगळ्या खात्यात तसेच ठेवलेत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे बाबाच तिला सांगायचे.

अडचण अशी की मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून (म्हणजे त्यात लिहिल्याप्रमाणे वाटप करायला, एक्झिक्युटर) नेमलेले बाबांचे मित्र २०२१ मध्ये गेले. दोन साक्षीदारांपैकी शेजारचे काकाही आता नाहीत. दुसरे, ऑफिसातले काका, सावंतवाडीला असतात, वय ८१, आणि दिवाळीत पडून त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय.

घरात भांडण अजिबात नाही. भाऊ दर रविवारी फोन करून विचारतो, "ताई, सही कुठे करायची तेवढं सांग." पण फ्लॅटला नॉमिनेशन नव्हतं आणि सोसायटीने सांगितलं, प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा कागद) आणा, मग भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव चढवू.

एका नातेवाइकांच्या ओळखीने जून २०२५ मध्ये पहिले वकील केले. त्यांनी चाळीस हजार रोख घेतले, पावती दिली नाही. "मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा करावं लागतं" म्हणून तेही ठेवून घेतलं, त्याचीही पोच नाही. माझ्याकडे फक्त मोबाइलवर काढलेले फोटो आहेत. पुढचे सहा महिने "फाईल झालंय", "डिपार्टमेंटला आहे", "कोर्टाला सुट्ट्या आहेत". लॉजिंग नंबर (कोर्टात अर्ज जमा केल्यावर मिळतो तो) मागितला की फोन ठेवतात. जानेवारीत मी हायकोर्टाच्या वेबसाइटवर बाबांच्या नावाने शोधलं, तर काहीच निघालं नाही. तसं विचारल्यावर म्हणाले, "विश्वास नसेल तर उरलेले साठ हजार द्या आणि कागद घेऊन जा."

दुसरे वकील फोर्टातले. म्हणाले, आत्ता एक पैसा नको, काम झालं की फ्लॅटच्या किमतीचे तीन टक्के द्या. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण घरी येऊन हिशेब केल्यावर झोप लागली नाही. शिवाय त्यांनी मृत्युपत्रात काय लिहिलंय हे विचारलंसुद्धा नाही.

तिसऱ्या एक वकीलबाई, फक्त मृत्युपत्र आणि वारसांचीच कामं करतात. चाळीस मिनिटं त्याच प्रश्न विचारत होत्या. बाबांच्या आई हयात आहेत का, साक्षीदारांनी एकमेकांसमोर सह्या केल्या का, खोडाखोड कोणत्या पानावर आहे. नेमलेला व्यवस्थापकच हयात नसल्यामुळे तुम्हाला प्रोबेट मिळणार नाही, मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन (वाटपाचा अधिकार देणारा कोर्टाचा आदेश) मागावं लागेल, हे त्यांनीच सांगितलं. आधीच्या दोघांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. फी एक लाख पंच्याहत्तर हजार, तीन टप्प्यांत. कोर्ट फी वेगळी, ती जास्तीत जास्त ७५ हजार असं म्हणाल्या. पण मूळ मृत्युपत्र आणि आधीच्या वकिलांची एनओसी (दुसरा वकील नेमायला हरकत नसल्याचं पत्र) हातात आल्याशिवाय त्या कामाला हात लावणार नाहीत.

त्यातच डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधलं कलम २१३, म्हणजे प्रोबेटची सक्ती करणारं कलम, काढून टाकलं. फोर्टातले वकील म्हणतात आता प्रोबेट लागतच नाही (मग तीन टक्के कशाचे?). बाईंचं म्हणणं, बाबा त्याआधी गेलेत आणि सोसायटी ऐकणार नाही, तेव्हा कोर्टाचा कागद हातात असलेला बरा.

मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. मूळ मृत्युपत्र साठ हजार न देता परत कसं मिळवायचं? बाईंची फी रास्त आहे का, आणि वकीलपत्रावर सही करण्याआधी त्यांना आणखी काय विचारू? आणि तुमच्यापैकी कोणी अलीकडे अशा कामातून गेलं असेल तर सुरुवात कुठून केलीत? आई रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की विचारते, "ह्यांचा कागद मिळाला का गं?" मला तिच्याकडे बघवत नाही.

---

प्रतिसाद: वायंगणी

ताई, आधी सावंतवाडीला जा. बाकीचं सगळं पंधरा दिवस थांबू शकतं, ८१ वर्षांचे काका थांबतील असं गृहीत धरू नका. अर्जासोबत निदान एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र लागतं, की मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली आणि मीही त्यांच्यासमोर केली. साक्षीदार हयात नसेल तर हस्ताक्षर ओळखणाऱ्यांकडून सिद्ध करता येतं, पण ती वाट लांबची आहे. माझ्या मामांच्या बाबतीत आम्ही "गणपतीनंतर जाऊ" म्हटलं आणि साक्षीदार अनंत चतुर्दशीच्या आधीच गेले. मग मामांच्या जुन्या चेकबुकांवरच्या सह्या शोधत बसलो.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा वकीलबाईंकडूनच करून घ्या, स्वतः लिहू नका. आणि काकांचं आधार कार्ड, ऑपरेशनचे कागद, सगळ्यांच्या प्रती ठेवा.

---

प्रतिसाद: सनदधारक

मी दिवाणी वकिली करतो, मुंबईत नाही, त्यामुळे हे माझ्या पोटासाठी लिहीत नाहीये.

१. थकलेल्या फीसाठी वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या निकालात हे स्वच्छ सांगितलंय. फीबद्दल वाद असेल तर त्यांनी वेगळी वसुली करावी. तुम्ही रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पत्र पाठवा: अमुक तारखेला मूळ मृत्युपत्र दिलं, सोबत फोटोची प्रत, सात दिवसांत परत करा. पत्रात एकही तिखट शब्द नको. शेवटी एवढंच लिहा की न मिळाल्यास बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली तक्रार करावी लागेल. व्हॉट्सअॅपवरचे त्यांचे "फाईल झालंय" हे मेसेज पुसू नका, तारखेसकट छापून ठेवा.

२. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. "काम झालं की तीन टक्के" म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. नेटवरच्या "सर्वोत्तम दहा वकील" अशा याद्यांवरही जाऊ नका, वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे.

३. कलम २१३ गेलं म्हणजे सक्ती गेली. अर्ज करण्याची सोय जशी होती तशीच आहे. तुमच्या बाबांचं निधन आधीचं असल्यामुळे बाईंनी घेतलेली काळजी मला योग्य वाटते.

बाईंना विचारा: अर्ज दाखल झाल्यावर नंबर किती दिवसांत देणार, कार्यालयाने काढलेल्या हरकतींची यादी मला दाखवणार का, कोर्टात तुम्ही स्वतः उभ्या राहणार की ज्युनियर, आणि एखाद्याने कॅव्हेट (अर्जाला हरकत) टाकून अर्जाचा दावा झाला तर फी किती. शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला की पुढे फार महाग पडतं. हे सगळं ईमेलवर लिहून घ्या.

---

प्रतिसाद: ठाणे_पश्चिम

मला एक कळत नाही. तिघेही वारस एकमताचे आहेत ना? मग मृत्युपत्र बाजूला ठेवून तुम्ही दोघा भावंडांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र रजिस्टर केलं तर? भावाला मुखत्यारपत्र पाठवता येईल. आमच्या सासऱ्यांच्या फ्लॅटचं तसंच केलं. अर्थात तो ठाण्यातला, बृहन्मुंबईच्या हद्दीबाहेर, तिथे प्रोबेटचा प्रश्नच कधी आला नाही. तुमच्यापासून दोन किलोमीटरवर, आणि नियम वेगळा!

---

मूळ लेखिका:

सगळ्यांचे मनापासून आभार. सनदधारक, तुमचं पत्र जसंच्या तसं उतरवून आजच पाठवलं.

ठाणे_पश्चिम, तुमचा मार्ग स्वस्तातला आणि लवकरचा आहे हे मान्य. मी आईला तो सांगितलाही. ती म्हणाली, "मग ह्यांनी लिहून काय ठेवलं?" हक्कसोडपत्रात मावशींचं नाव कुठेच येणार नाही. पैसे आम्ही त्यांना देऊच, ते काही कोणाच्या परवानगीवर अडलेलं नाही. पण बाबांनी त्यांचं नाव लिहिलंय, "यांचे उपकार फिटणार नाहीत" असं वाक्य आहे त्यात. आईला ते वाक्य कोर्टाच्या शिक्क्याखाली हवंय. भावालाही तेच वाटतं. म्हणून लांबच्या रस्त्यानेच जाऊ.

---

प्रतिसाद: कांदेपोहे

अर्ज आईच्या नावाने करणार असाल तर एक लक्षात ठेवा. कायदेशीर मदत मोफत मिळण्यासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही (विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२). हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. तुम्हाला बाई पसंत असतील तर त्यांनाच धरा, पण हा धागा वाचणाऱ्या एखादीला पावणेदोन लाख परवडणार नसतील, तिच्यासाठी लिहून ठेवते.

आणि मराठी मृत्युपत्राचं इंग्रजी भाषांतर लागेल. आमच्याकडे भाषांतरात एक तारीख चुकली, त्या एका हरकतीत दोन महिने गेले. ओळ न् ओळ स्वतः ताडून बघा.

---

मूळ लेखिका, तीन आठवड्यांनी:

मृत्युपत्र मिळालं. पत्र पोचल्यावर नवव्या दिवशी त्यांच्या ज्युनियरचा फोन आला, या आणि घेऊन जा. मी आणि आई दोघी गेलो. चाळीस हजारांबद्दल तेही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. एनओसीवर सही घेतली, आणि निघण्याआधी तिथेच टेबलावर दोन्ही पानं फोटोशी ताडून पाहिली. कोपऱ्यात स्टेपलरची पिन मारली होती, तेवढीच इजा. कोणी सांगेल की पिन काढून टाका, पण बाईंनी बजावलंय की आता कागदाला अजिबात हात लावायचा नाही, आहे तसाच कोर्टात द्यायचा. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आईने तो मांडीवर धरला, मुलुंडपर्यंत लोकलमध्ये तसाच.

वकीलपत्र बाईंनाच दिलं. फीचे टप्पे ईमेलवर आले: मसुद्याला एक तृतीयांश, नंबर पडल्यावर एक तृतीयांश, आदेश हातात आल्यावर उरलेले. कॅव्हेट आलं तर नव्याने बोलायचं, असंही लिहून दिलंय.

गेल्या शनिवारी सावंतवाडीला जाऊन आले. वायंगणी, तुमचे आभार कसे मानू. काका वॉकर घेऊन नोटरीच्या खोलीपर्यंत आले. फोटोतली सही दाखवल्यावर चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही त्याने मार्चएंडनंतर दोन दिवसांनी केली होती, आम्ही दोघं चहा प्यायला त्याच्याकडे गेलो होतो." मृत्युपत्रावर तारीख दोन एप्रिल आहे. प्रतिज्ञापत्र झालं. मूळ कागद पाहून त्यांनी पुन्हा सही करावी लागेल का, ते बाई बघून सांगणार आहेत. तसं झालं तर पुन्हा जाईन.

आता भावाचं संमतीचं प्रतिज्ञापत्र उरलंय. न्यू जर्सीतल्या नोटरीकडून करून अपॉस्टिल (परदेशात कागद चालण्यासाठीचा तिथला सरकारी दाखला) करून घ्यायचं, की न्यू यॉर्कच्या भारतीय वकिलातीत जाऊन करायचं, यापैकी मुंबई हायकोर्टाच्या कार्यालयात कशावर हरकत निघाली नाही, हे तिकडच्या कोणी केलं असेल तर कृपया सांगा. त्याला पुढच्या महिन्यात दोनच दिवस सुट्टी मिळतेय.