मदत हवी आहे: मोझेलची रीसलिंग कुठून सुरू करू?

मंडळी, जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या, रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या वाईन्स समजून घ्यायच्यात, जाणकारांनी प्लीज सांगा. ५० अंश उत्तरेला, एवढ्या थंडीत तिथे द्राक्षं पिकतात कारण चांगले मळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या उतारांवर आहेत आणि जमिनीतले पाटीच्या दगडाचे तुकडे दिवसभर तापून रात्री ऊब देतात, ब्रेम गावचा काल्मोंट हा मळा तर इतका उभा की बरंचसं काम हातानंच करावं लागतं, भारी वाटतं मला हे! पण लेबलवर गाडी अडते. काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ हे दर्जे म्हणजे तोडणीच्या वेळी रसात साखर किती यावरून ठरतं ना, मग श्पेटलेझवर ट्रोकन (म्हणजे कोरडी, गोडवा जवळजवळ नसलेली) लिहिलेलं असलं तर ती कोरडी कशी काय? हलकी, किंचित गोड, आंबटसर काबिनेट आधी घ्यावी का थेट ट्रोकन? आणि श्पेटलेझ किती वर्षं मुरू द्यायची?