मदत हवी आहे : भारतीय कंपन्यांच्या परदेशी गुंतवणुकीचा मायदेशावरील परिणाम कसा मोजावा?

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहून अर्थशास्त्राच्या एम.ए.चा लघुप्रबंध लिहीत आहे. परदेशातून भारतात येणाऱ्या गुंतवणुकीवर वाचायला पुष्कळ मिळते. परंतु टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस ही युरोपातील पोलाद कंपनी किंवा टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर ही ब्रिटिश मोटार कंपनी विकत घेतली, तेव्हा बाहेर गेलेल्या अशा भांडवलाने मायदेशातील रोजगार, तंत्रज्ञान आणि पर्यावरण यांचे काय झाले, हा माझा प्रश्न आहे. बाहेर शिकलेले तंत्रज्ञान इकडे परतते, असे एक मत आहे. देशातील गुंतवणूक आटते, असे दुसरे. धूर ओकणारे उत्पादनच परदेशात हलवले, तर इथली हवा आकडेवारीत सुधारते, पण मला तरी तो नुसता हिशेबाचा खेळ वाटतो.

खरी अडचण पुढेच आहे. रिझर्व्ह बँक या परदेशी गुंतवणुकीचे दरमहा कंपनीनिहाय आकडे देते, त्यांत जिल्हा नसतो. आमच्या जिनिंगपुढे (कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यापुढे) डिसेंबरात कापसाच्या गाड्या रात्रभर रांगेत उभ्या असतात, गाठी बांधून निघून जातात आणि सूत दुसरीकडेच निघते. या साखळीतल्या एखाद्या कंपनीने परदेशात कारखाना काढला, तर त्याचा परिणाम इथल्या मजुरीपर्यंत कसा शोधावा?

संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांपैकी कोणते निर्देशक घ्यावेत आणि गुंतवणुकीनंतर किती वर्षांचे अंतर धरावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पुढच्या महिन्यात मार्गदर्शकांना आराखडा दाखवायचा आहे.