दाढदुखीची गोळी आणि ओठावरचा डाग : औषधांच्या रिअ‍ॅक्शनचे अनुभव सांगा

आईच्या खालच्या ओठावर डावीकडे नखाएवढा काळपट डाग आहे. पहिल्यांदा दाढ दुखली तेव्हा मेडिकलमधून गोळी आणली, रात्री ओठ चुरचुरला आणि सकाळी फोड आला. उष्णता झाली म्हणून गुलकंद दिला. आठ महिन्यांनी दुसरी दाढ काढली, गोळ्या सुरू झाल्या आणि फोड बरोबर त्याच जागी!

त्वचेच्या डॉक्टरांनी दोन्ही वेळची पाकिटं मागवली. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, आत ऑर्निडॅझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध दोन्हीत. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. तेच औषध पुन्हा पोटात गेलं की रिअ‍ॅक्शन जुन्याच जागी उमटते आणि डाग आणखी गडद होतो.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. 'ती पिवळी गोळी' असं नको, आतल्या औषधाचं नाव हवं.

प्रतिसाद १
मी दंतवैद्य आहे. "मला भुलीचं इंजेक्शन चालत नाही" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकते. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार दुर्मीळ. बहुतेकांना त्यातल्या अ‍ॅड्रेनलीनने धडधडलेलं असतं, नाहीतर उपाशीपोटी घाबरून चक्कर आलेली असते. तरी मी विचारतेच : अंगावर पित्त उठलं होतं का? श्वास लागला होता का?

हे विचारणं मी एका चुकीतून शिकले. एका बाईंनी दमा आहे आणि नाकातले कोंब काढलेत असं सांगितलं होतं. मी ते ऐकलं, लिहिलं, आणि दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक दिलं. तासाभरात त्यांची छाती भरून आली, ऑक्सिजन लावावा लागला. दमा आणि नाकातले कोंब असलेल्या काहींना अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या सोसत नाहीत, हे मला पाठ होतं. त्या दुपारी आठवलं नाही. त्या बऱ्या झाल्या, पण मला ती दुपार विसरता येत नाही.

प्रतिसाद २
बाबांच्या हिरड्या दातांवर चढायला लागल्या. दोनदा सफाई केली, फरक नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी बीपीची गोळी विचारली. अ‍ॅम्लोडिपिन. फिजिशियननी ती बदलून दिली, हिरड्या हळूहळू उतरल्या. गोळी मनानेच बंद मात्र करू नका.

प्रतिसाद ३
काकांची हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू. दाताच्या पूसाठी मेट्रोनिडॅझोल दिलं गेलं. पाचव्या दिवशी लघवीतून रक्त. या दोन औषधांचं एकमेकांशी पटत नाही, रक्त जास्तच पातळ होतं. काकांनी वॉरफेरिनबद्दल सांगितलंच नव्हतं, "दातांचा आणि हृदयाचा काय संबंध" म्हणून.

प्रतिसाद ४
मी फार्मासिस्ट. अशा घटना रुग्णालाही कळवता येतात. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून २०११ पासून चालवला जाणारा औषधसुरक्षा कार्यक्रम आहे, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४, फुकट. पाकीट फेकू नका, बॅच नंबर विचारतात.

धागाकर्ती
दोन्ही पाकिटं अजून आहेत, उद्याच फोन करते. डॉक्टरांनी आईला मेट्रोनिडॅझोल आणि टिनिडॅझोलही टाळायला सांगितलंय, कुळ एकच. तिन्ही नावं कार्डावर लिहून तिच्या पर्समध्ये ठेवलीत, लोकलच्या पासाच्या मागे.