गार्टलँड ३ सुप्राकॉन्डायलर: आतल्या बाजूने वायर घालावी का?

प्रश्न: वय सहा, डावं कोपर, सुप्राकॉन्डायलर (कोपराच्या लगेच वर दंडाचं हाड मोडलंय), एक्स्टेन्शन प्रकार (खालचा तुकडा मागे सरकलेला), गार्टलँड ३ (तुकडे पूर्ण सुटलेले). बंद रिडक्शन (चीर न घेता तुकडे जागेवर बसवणं) करून बाहेरून दोन के-वायर (हाड धरून ठेवणाऱ्या पातळ तारा) पुरतील की क्रॉस (एक बाहेरून, एक आतून) कराव्यात? रेडियल (मनगटाची) पल्स लागत नाही, पण हात गुलाबी आणि गरम आहे. धमनी आधी उघडायची का?

उत्तर १: पल्सचं आधी. हात गुलाबी असेल तर लगेच उघडू नका. रिडक्शन आणि वायरिंग लवकर उरका, बऱ्याचदा पल्स परत येते. नाही आली तरी हात गुलाबी असेल तर २४–४८ तास वॉर्डात नजरेखाली ठेवा. हात पांढरा, गार असेल तर मात्र तातडीने रिडक्शन, आणि त्यानंतरही रक्त पोचलं नाही तर धमनी उघडायचीच. थिएटरला नेईपर्यंत कोपर २०–४० अंशांत वाकवून स्लॅबमध्ये (अर्ध्या प्लास्टरमध्ये), ९० अंशांत अजिबात नको.
भूल देण्याआधी नर्व्ह तपासून लिहून ठेवा. अंगठा-तर्जनीचा गोल करायला सांगा. गोलाऐवजी चपटी चिमूट झाली तर अँटिरियर इंटरऑसियस नर्व्ह (अंगठा-तर्जनीची टोकं वाकवणारी) गेली. या प्रकारात सर्वांत जास्त मार तिलाच बसतो. नंतर तपासलंत तर दोष फ्रॅक्चरचा की वायरचा, हे ठरणार नाही.

उत्तर २: बाहेरून दोन, १.६ मिमीच्या. फ्रॅक्चरच्या रेषेवर त्या एकमेकींपासून लांब हव्यात आणि पलीकडचं कॉर्टेक्स (हाडाचा कठीण बाहेरचा थर) पकडायला हवं. तिथेच दोन्ही जवळ आल्या तर खालचा तुकडा फिरतो. सी-आर्मवर (थिएटरमधल्या एक्स-रे यंत्रावर) हलवून बघा, हललं तर तिसरी बाहेरूनच. आतून घालायचीच वेळ आली तर आधी बाहेरच्या वायरी घाला, मग कोपर सरळ करा आणि त्यानंतरच आतली घाला. वाकवलेल्या कोपरात अल्नर नर्व्ह (कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी) एपिकॉन्डाइलच्या (तिथल्या हाडाच्या उंचवट्याच्या) पुढे सरकू शकते. छोटी चीर घेऊन हाड बघूनच वायर घाला.

उत्तर ३: एक भर. लॅटरल (बाजूने काढलेल्या) फिल्मवर ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) पुढच्या कडेची रेष कॅपिटेलममधून (त्याच्या खालच्या टोकाच्या बाहेरच्या गोल भागातून) जायला हवी. समोरच्या फिल्मवर बाउमन कोन (दंडाचं हाड आणि कॅपिटेलमची वाढरेषा यांतला) दुसऱ्या हाताशी ताडून बघा. कोपर आत वाकडं राहतं ते बहुतेकदा वाढ बिघडल्याने नव्हे, तर फिरलेला तुकडा तसाच जुळल्याने. आणि ते आपोआप सुधारत नाही.
रात्री मूल चिडचिड करतंय, घाबरलंय, वेदनाशामक वाढवूनही रडतंय, तर स्लॅब कापा, पट्टी त्वचेपर्यंत सोडा. बोटं सरळ करताना जास्त ओरडलं तर कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंत दाब वाढून रक्तपुरवठा तुटणं) समजूनच चाला. पल्स लागतेय म्हणून निश्चिंत राहू नका.
वायरी ३–४ आठवड्यांनी ओपीडीतच निघतात. डिस्चार्जवेळी पालकांना बजावा: हाडवैद्याकडे मालिश नको, कोपर ओढून सरळ करणं नको. त्यातून मायोसायटिस (स्नायूत हाड तयार होणं) होतो आणि कोपर कायमचं आखडू शकतं.